भावकी

सांजेला गंगावेशीत म्हशी येतात
तेव्हा रस्ता आपणहून सरकून बसतो.
बापूसो नायकवडी पेल्यात धार धरतात,
फेस काठाच्या वर येतो, डळमळतो, सांडत नाही.
"घ्या म्याडम."
"प्यायला नको, नमुना पाहिजे."
"नमुना काय असतोय? पिऊन बघा की.
मुजावरांची ना तुम्ही? तुमचं वडील
तालमीतनं सुटलं की थेट हितं."

खरं आहे. मलाही इथंच उभं केलं होतं अब्बांनी,
पांढरी मिशी उमटेपर्यंत.
मी नळीला बूच लावते. सतरा. तारीख. सहा चाळीस.

तिसऱ्या दिवशी राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर,
लाल बशीत काळ्या बुबुळांचे ठिपके.
म्हशीसारखेच बघत होते माझ्याकडे,
शांत, काही न मागता.
साल्मोनेला. हे नाव गंगावेशीत
कुठल्या आवाजात उच्चारायचं,
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मग कागद. डब्यात डबा, त्यात डबा,
कोरडा बर्फ, अकरा सह्या.
पदार्थ घातक आहे का? होय.
व्यापारी किंमत? शून्य.
फॉर्म शून्य घेईना. एक रुपया लिहिला.
पहिली पेटी कस्टममध्ये पडून पडून मेली.
दुसरी पोचली डेन्मार्कला,
बिर्गितच्या यंत्राने तिची
अठ्ठेचाळीस लाख अक्षरं वाचली.

लहानपणी शेजारच्या खोतांच्या दारात हेळवी यायचा.
चोपडी बैलाच्या पाठीवरच, आधी मुखानं सात पिढ्या:
कोण कुठल्या गावचं, कोण कुणाला दत्तक गेलं,
कुठली शाखा नदीपलीकडं.
खोतांनाच माहीत नसलेले खोत तो सांगायचा
आणि पायलीभर जोंधळे घेऊन जायचा.
बिर्गितचं पत्र तसंच आलं:
तुमच्या सतराची भावकी नैरोबीत आहे.
फरक नऊ अक्षरांचा.

नऊ!
अब्बांच्या आणि चुलत्यांच्या वाटणीपत्रांत
याहून जास्त फरक होता.
कोण कुणाकडून गेलं, ते बिर्गितलाही सांगता येईना.
दोघंही कदाचित तिसऱ्याच कुणाच्या घरचे.

वांजिरूला फोन लावला.
तिच्या मागे कोंबडा, माझ्या मागे केएमटीचा हॉर्न.
मी विचारत होते कासेबद्दल, चाऱ्याबद्दल.
ती म्हणाली, दीड वर्षं मीही गायीलाच दोष दिला.
मग एका दुपारी नुसती उभी राहिले,
पेले कशात बुचकळतात ते बघत.
तुमच्याकडे बादली आहे?

आहे. निळी, कड मोडलेली,
म्हशीच्या मागच्या पायाशी.
इतकी वर्षं आहे
की मला दिसलीच नव्हती.

अठरा ते एकवीस: बादली.
चारही बशा डोळ्यांनी भरल्या.

"माझ्या म्हशीचं नाव न्हाई ना ह्यात?"
"नाही."
"मग सांगा."
सांगितलं. ते ऐकत राहिले, एक हात पाठीवर,
स्वतःच्या नव्हे, तिच्या.
"आणि ती आफ्रिकेतली बाई,
तिच्याकडं म्हशी हैत?"
"गायी. थोडे उंट."
"उंटाचं दूध?"
बराच वेळ ते त्या उंटाकडे बघत होते,
गंगावेशीत नसलेल्या.

आता शेगडीवर तपेलं असतं, पेले चटके खातात.
शेजारचे हसले, मग त्यांनीही तपेलं आणलं,
एकानं नाही आणलं.
दूधही उकळा म्हटलं की मात्र बापूसो
माझ्याकडे अब्बांच्या वयाने बघतात.
"उकळलं तर धारोष्ण कसलं?"
वांजिरूला कळवलं.
तिचंही तिथंच अडलंय.

काल त्यांनी पेला पुढे केला.
घेतला. कोमट होता, जड.
फेस विरेपर्यंत मी
तो ठेवायला जागा शोधत होते.